स्वयंचलित गिअरपेटी : गिअरांची संख्या व तिची मर्यादा

अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये वाहनांची चाचणी घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक होय. अशा चाचणीत इंधनखर्चाचा विचार करताना एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो : गिअर वाढविल्याने मोटारीस खरोखर लाभ होतो काय?

स्फोटक इंजिन फेऱ्यांच्या मर्यादित पट्ट्यातच काटकसरीने चालते. त्यास त्या पट्ट्यात राखणे हे गिअरपेटीचे कार्य होय. 1940 सालच्या ओल्डस्मोबाईल मोटारींत आलेल्या हायड्रामॅटिक पेटीत चार गिअर होते; सर्वांत खालच्या व वरच्या गिअरांच्या गुणोत्तरांतील पल्ला सुमारे 3.8 पट होता. 2009 साली आलेल्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरांच्या पेटीत तो सुमारे सात पट झाला. त्यामुळे चढणीस पुरेसा जोर आणि सपाट रस्त्यावर इंजिनाचे कमी फेरे, ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधली.

पल्ला सातपट व पायऱ्या सम धरल्यास वरचा गिअर पडताच इंजिनाचे फेरे चार गिअरांत 48, सहांत 32, आठांत 24 आणि दहांत 19 टक्के उतरतात. म्हणजे प्रत्येक वाढीव जोडीचा लाभ उत्तरोत्तर घटत जातो. संगमनेरजवळील चंदनापुरी घाटासारख्या चढणीवर चार गिअरांच्या मोटारीत तिसरा अपुरा व दुसरा अतिवेगी ठरू शकतो. आठ गिअरांत ही अडचण बरीच दूर होते. दहांमध्ये मात्र नियंत्रण सदोष असल्यास गिअर वारंवार बदलत राहण्याचा संभव असतो.

वजन, किंमत व घर्षण यांचाही हिशेब करावा लागतो. पेटीतील उघडे क्लच तेलात फिरताना शक्ती खातात. झेडएफच्या सहा गिअरांच्या पेटीत पाचांपैकी तीन जोडघटक उघडे राहत. आठ गिअरांच्या पेटीत पाचांपैकी दोनच राहतात. म्हणून येथे संख्या वाढूनही हानी वाढली नाही. याचे श्रेय केवळ संख्येस नव्हे, रचनेस द्यावे लागते.

चाचणीचे स्वरूपही निर्णायक असते. सुधारित भारतीय चालनचक्रात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर आहे; त्यामुळे महामार्गावरील उच्च वेगासाठी योजिलेल्या गिअरांचा लाभ त्यात पुरता उमटत नाही.

विजेच्या बहुतेक मोटारी एकाच गिअरवर चालतात, कारण विद्युत्-मोटार शून्य फेऱ्यांपासूनच भरपूर जोर देते. यावरून गिअरांची संख्या हा मोटारीचा स्वयंसिद्ध गुण नसून इंजिनाच्या उणिवेवरील उपाय आहे, हे स्पष्ट होते. तो उपाय किती मात्रेत योजावा, हे इंजिन, रस्ता व खर्च पाहूनच ठरविणे इष्ट होय.