साथीचे धडे आणि दारातले पिंप

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात आणि सोबत एक तक्रारही येते, “डॉक्टर, आमच्या गल्लीत धूर मारायला कोणी येतच नाही.” तक्रार रास्त आहे. पण धुराने उडणारा डास मरतो, पिंपातली अळी मरत नाही. तिचा बंदोबस्त घरच्यांनीच करायचा असतो.

साथी शहरांचा तोंडवळा बदलतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्तीतून रुंद रस्ते निघाले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. पाडलेल्या घरांतील अनेक गरिबांना मात्र नवे घर मिळाले नाही. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहरही असेच आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात स्वच्छ झाले.

पण हे सारे साथ येऊन गेल्यावर! ऐन साथीत उपयोगी पडतात ती स्वतःहून पुढे होणारी माणसे. आपल्या नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १८९७ मध्ये पुण्याजवळ, पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. २०२१ च्या कोरोना लाटेत आपल्याच हिवरे बाजारमध्ये स्वयंसेवकांच्या पथकांनी घरोघर तपासणी केली, लक्षणे दिसणाऱ्यांना वेळीच वेगळे ठेवले आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले.

वाचकहो, आपल्यावर एवढी मोठी जबाबदारी नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो व दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. पिंप, रांजण, कुलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. तेव्हा नुसते पाणी ओतून भागत नाही, आतून घासणी फिरवावी. टाकीला घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. जुने टायर, नारळाच्या करवंट्या गच्चीवर ठेवू नयेत.

ताप आल्यास मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नये. ताप उतरतानाच पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय गळून जाणे दिसले तर रात्र काढू नका, लगेच डॉक्टर गाठा.

हा डास फार लांब उडत नाही. बहुधा तो आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरातलाच असतो. म्हणून महापालिकेकडे अर्ज जरूर द्या, पण त्याआधी पिंप घासा आणि शेजाऱ्यालाही हाक मारा.