दांडी ओढूनही पुढची चाके का फिरत नाहीत?

झाशीजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि २७ एकत्र येतात. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे देशाला जोडणारे हे दोन रस्ते असून त्यांवरून जाणाऱ्या गाडीला चारही चाकांच्या जोराची कधी गरज भासत नाही. मात्र महामार्ग सोडून मोंठ किंवा गरौठा भागातील गावांकडे वळले, की पावसाळ्यात चित्र पालटते. बुंदेलखंडात 'मार' आणि 'काबर' या नावांनी ओळखली जाणारी काळी माती भिजली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हा चिखल वेगळा सांगायला नको.

अशा वेळी जुन्या जिप्सीचा किंवा जीपचा चालक फोर-व्हील ड्राइव्हची दांडी ओढतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन घरघरते, तरीही गाडी हलत नाही. मागची चाके चिखल उडवीत राहतात आणि पुढची चाके स्तब्ध असतात. गाडी बिघडलेली नसते. पुढच्या चाकांच्या मध्यभागी असलेले हब 'लॉक' करायचे राहून गेलेले असते.

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तेथून एक दांडा मागच्या एक्सलकडे व दुसरा पुढच्या एक्सलकडे जातो. दांडी ओढल्यावर दुसरा दांडा जोडला जातो व पुढच्या एक्सलमधील शाफ्ट फिरू लागतात. परंतु शाफ्ट आणि चाक यांच्यामध्ये हब ही आणखी एक कडी असते. हबवरील चकती 'फ्री' या खुणेवर असेल, तर आतील दातेरी कडे शाफ्टपासून अलग राहते. शाफ्ट आतल्या आत फिरतो आणि चाकाला त्याची वार्ताही नसते. चकती 'लॉक'वर आणली की दाते एकमेकांत बसतात आणि शाफ्टसोबत चाक फिरते. डॅशबोर्डवरील दिव्याचा संबंध ट्रान्सफर केसशी असतो, चाकाशी नसतो. त्यामुळे हब मोकळे असतानाही तो लागतो आणि चालकाची फसगत होते.

ही कडी मुळात ठेवलीच कशासाठी? दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला असे हब नव्हते. तिच्या पुढच्या एक्सलचे शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा दांडा हे सारे भाग गरज असो वा नसो, चाकांबरोबर फिरत राहत. युद्धानंतर या जीप शेतकऱ्यांच्या व सामान्य नागरिकांच्या हाती आल्या आणि त्यांचा बहुतेक प्रवास साध्या रस्त्यावर होऊ लागला. विनाकारण फिरणाऱ्या या भागांमुळे इंधन खर्च होई आणि झीजही होई. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने त्यावर उपाय म्हणून सुटे करता येणारे हब बाजारात आणले. भारतात १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीलाही असे हब देण्यात आले होते. सर्वच जुन्या गाड्यांना ते असतात असे नाही. चाकाच्या मध्यभागी फिरणारी चकती न दिसता साधे टोपण दिसले, तर चाक शाफ्टशी कायमचे जोडलेले आहे किंवा हब आपोआप जुळणारे आहेत असे समजावे.

हब लॉक करण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी थांबवावी, खाली उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या हाताने फिरवाव्यात आणि त्या थेट खुणेपर्यंत पोहोचल्याची खात्री करावी. चकती अडली तर पक्कड लावू नये. गाडी वीतभर पुढे-मागे केली की दाते जुळतात व चकती सहज फिरते. दोन्ही बाजू लॉक होणे अत्यावश्यक आहे. एकच बाजू लॉक झाली, तर साधे डिफरन्शियल सारी गती मोकळ्या शाफ्टकडे वळवते आणि लॉक केलेल्या चाकाला जवळपास काहीच मिळत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. गाडी रुतल्यानंतर पुढच्या चाकाचा मध्यभाग बहुधा चिखलाखाली गेलेला असतो. रात्रीची वेळ, वरून पाऊस, शेजारी चढत असलेला नाला आणि चालक कोपरापर्यंत हात चिखलात घालून चकती चाचपतो आहे, अशी वेळ येऊ शकते. गाडीत रुग्ण असेल तर त्या दहा मिनिटांची किंमत फार मोठी असते. म्हणूनच डांबर संपते तेथेच, चिखल दिसण्याआधी, हब लॉक करणे इष्ट. हब लॉक असून दांडी दोन चाकांवर ठेवली, तर गाडीचे काहीही नुकसान होत नाही. पुढचे शाफ्ट चाकांबरोबर फिरत राहतात, इतकेच. इंधनाची थोडीशी बचत सोडून पावसाळाभर हब लॉक ठेवणे कच्च्या रस्त्यांच्या गावात केव्हाही शहाणपणाचे.

धोका आहे तो कोरड्या डांबरी रस्त्यावर दांडीही ओढलेली ठेवण्यात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे अधिक अंतर कापतात. अशा गाड्यांचा ट्रान्सफर केस मात्र दोन्ही दांड्यांना एकाच गतीने फिरवतो. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, शाफ्ट व गिअरमध्ये पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि अखेर एखादा भाग तुटू शकतो. महामार्गाला लागताच आधी दांडी पूर्ववत करावी. हब सवडीने सुटे केले तरी चालतात.

उतारावर मोकळ्या हबचा आणखी एक तोटा दिसतो. नदीपात्राकडे जाणाऱ्या निसरड्या उतारावर चालक 'लो' गिअर घालून इंजिनाच्या अवरोधावर गाडी उतरवतो. हब मोकळे असतील तर हा अवरोध फक्त मागच्या चाकांना मिळतो आणि गाडीचा मागचा भाग आडवा सरकण्याची भीती असते. चढावर त्याच 'लो' गिअरचा वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो.

काही गाड्यांत हब आपोआप जुळतात. दांडी ओढून गाडी चालू लागली की ते लॉक होतात. जुन्या पद्धतीचे असे हब सुटे करण्यासाठी दांडी पूर्ववत करून गाडी एक-दोन मीटर उलट दिशेने न्यावी लागते. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीत हे काम निर्वात दाबाने होते आणि चालकाला खाली उतरावे लागत नाही. मात्र निर्वात नळीला चीर पडली, तर तेथेही दांडी आणि चाक यांची फारकत होते.

बेतवा, पहूज किंवा धसान नदीच्या उथळ पात्रातून गाडी गेली असेल, तर घरी परतल्यावर हबचे झाकण उघडून आतील वंगण पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे असे समजून वंगण व झाकणाचे रबर, दोन्ही बदलावेत. कोरड्या महिन्यांतही अधूनमधून मातीच्या रस्त्यावर हब लॉक करून काही किलोमीटर गाडी चालवणे हिताचे असते. वर्षभर न फिरवलेली चकती जूनच्या अखेरीस, पहिल्या पावसातच, अडकून बसते.