सांध्यावरचं काम कोणाचं?

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा कुर्डुवाडीला अडीच फुटी रूळ आणि ब्रॉडगेज शेजारी आले. बार्शीचा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. पोतं फाटलं तर कोणाच्या हद्दीत, हा प्रश्न अशाच जागी निघणार.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही भांडण सांध्यावरच पेटतं. ‘सुऱ्या’ टाइप केलं आणि पडद्यावर ‘सुर्या’ उमटलं, म्हणजे कांदा चिरायच्या सुऱ्यांवर रफार चढला, तर चूक कोणाची? कळफलकाचा आराखडा करणाऱ्याची, फॉन्ट करणाऱ्याची, की अक्षरं जुळवून मांडणाऱ्या हार्फबझसारख्या प्रणालीची? तिघांचे गट वेगळे, बरेच जण फावल्या वेळात राबणारे. ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ असं प्रत्येकाला अगदी मनापासून वाटतं.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने यासाठी १९९८ मध्ये चक्क लेखी घटना केली. ज्याचं काम, त्याचा निर्णय. दोघांच्या हद्दी एकमेकींवर आल्या की तांत्रिक समिती निकाल देते. एखाद्याचा निर्णय फिरवायला मात्र तिला तीनास एक बहुमत लागतं. गंमत पुढेच आहे: काम करण्याची सक्ती कोणावरच नाही, फक्त नियमाने ठरलेल्यात मोडता घालायचा नाही. समिती ‘हे तुझं’ म्हणेल, पण ‘कर’ म्हणू शकत नाही. तोवर रफार तिथेच, कोणीतरी वैतागून स्वतः दुरुस्ती पाठवेपर्यंत.