नकाशातील नोंदींची निवड आणि दुरुस्ती : बेल्लमपल्लीच्या जिल्हाबदलाचे उदाहरण

प्रस्तावना

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, हा विषय आता केवळ भूगोलाच्या प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. वाणिज्य, समाजशास्त्र, ग्रामविकास अशा विषयांचे विद्यार्थीही प्रकल्पासाठी नकाशे तयार करतात. नकाशा रंगविणे त्यांना लवकर साधते. नकाशामागील तक्त्यातून नेमक्या नोंदी निवडणे व त्यांत बदल करणे मात्र पद्धतशीरपणे शिकवावे लागते. या कामासाठी एसक्यूएल ही भाषा वापरली जाते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानावर ती उभी असून आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचे पहिले रूप मांडले. प्रस्तुत लेखात एकाच प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे निवड व बदल या दोन क्रियांचा विचार केला आहे.

उदाहरणाची पार्श्वभूमी

बल्लारशाह–काझीपेठ लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींमुळे ओळखले जाणारे गाव. २०११ च्या जनगणनेत ते आंध्र प्रदेश राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात नोंदले गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले आणि गावाचे राज्य बदलले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणात दहाचे एकतीस जिल्हे झाले. त्या वेळी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेले. महाराष्ट्राच्या वाचकांना असा बदल नवा नाही. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते.

जमिनीवर गाव हलले नाही. बदलला तो तक्त्यातील एक शब्द. पण तो चुकीचा बदलला तर गावातील शाळा एका जिल्ह्याच्या यादीतून निघते आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या यादीत पोहोचत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळा कोठे कमी आहेत, कोणत्या भागातील मुलींना महाविद्यालय दूर पडते, असे प्रश्न अशा याद्यांवरूनच सोडविले जातात. म्हणून ही केवळ तांत्रिक बाब मानता येत नाही.

निवडीची आज्ञा

नकाशातील प्रत्येक थराला एक तक्ता जोडलेला असतो. प्रत्येक आकृतीसाठी त्यात एक ओळ असते. समजा, 'मंडळे' नावाच्या थरात तेलंगणातील २०११ ची मंडळे आहेत आणि राज्य, जिल्हा_२०११, मंडळ व लोकसंख्या हे रकाने आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात ५२ मंडळे होती. त्यांपैकी १४ मंडळे मंचेरियाल जिल्ह्यात गेली. ती निवडण्याची आज्ञा पुढीलप्रमाणे होईल. संगणकावर आज्ञेचे मूळ शब्द रोमन लिपीत टाईप करावे लागतात. येथे ते उच्चारानुसार दिले आहेत.

सिलेक्ट * फ्रॉम मंडळे
व्हेअर जिल्हा_२०११ = 'आदिलाबाद'
अँड मंडळ इन ('बेल्लमपल्ली', 'मंचेरियाल', 'मंदमर्री', 'कासिपेट', 'तांदूर', 'नेन्नेल', 'भीमिनी', 'वेमनपल्ली', 'चेन्नूर', 'कोटपल्ली', 'जयपूर', 'लक्षेट्टिपेट', 'दंडेपल्ली', 'जन्नारम');

'सिलेक्ट' म्हणजे निवडा, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या थरातून, आणि 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. तारका म्हणजे सर्व रकाने. शब्दरूप माहिती एकेरी अवतरणचिन्हांत लिहिली जाते, संख्या चिन्हांशिवाय. जनगणनेचे संकेतांक मात्र शब्दरूप ठेवणे इष्ट, कारण ते संख्या मानले की '०१' मधील शून्य गळते व दोन तक्ते जुळत नाहीत.

ही आज्ञा चालविल्यावर निवडलेल्या ओळी मोजाव्यात. त्या १४ च असल्या पाहिजेत. १३ आल्या तर एखाद्या नावाचे लेखन जुळत नाही असे समजावे. बेल्लमपल्लीचेच नाव इंग्रजी याद्यांत शेवटच्या अक्षराच्या फरकाने निरनिराळे आढळते. १४ हून अधिक आल्या तर अट अपुरी आहे. येथे जिल्ह्याची अट गाळली तर नेमके हेच घडते. तेलंगणात तांदूर नावाचे दुसरे मंडळही आहे. फरशीच्या दगडासाठी प्रसिद्ध असलेले ते तांदूर तेव्हा रंगारेड्डी जिल्ह्यात होते आणि २०१६ पासून विकाराबाद जिल्ह्यात आहे. जिल्ह्याच्या अटीविना केलेला बदल या दूरच्या तांदूरलाही मंचेरियालमध्ये नेऊन बसवील. नकाशावर निवडलेल्या आकृत्या वेगळ्या रंगात दिसतात, त्यामुळे अशी चूक डोळ्यांनाही कळते. साध्या तक्त्यापेक्षा नकाशाचा हा विशेष फायदा आहे.

बदलाची आज्ञा

निवड बरोबर ठरल्यावरच बदलाकडे वळावे. जुन्या रकान्यात नवे नाव लिहिणे हा सोपा पण घातक मार्ग होय. २०११ च्या जनगणनेत मंचेरियाल नावाचा जिल्हाच नाही. तेथे आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ४१ हजार आहे. जुने नाव पुसले तर मंडळांची बेरीज या आकड्याशी पुन्हा ताडून पाहता येणार नाही. म्हणून 'जिल्हा_२०१६' असा नवा रकाना जोडावा व त्यातच लिहावे.

अपडेट मंडळे
सेट जिल्हा_२०१६ = 'मंचेरियाल'
व्हेअर जिल्हा_२०११ = 'आदिलाबाद'
अँड मंडळ इन (वरीलच चौदा नावे);

येथे 'व्हेअर' नंतरचा भाग निवडीच्या आज्ञेतून जसाच्या तसा घ्यावा, पुन्हा टाईप करू नये. जी अट तपासली तीच वापरली, एवढी खात्री त्यामुळे राहते. 'व्हेअर' विसरल्यास संगणक विचारीत बसत नाही; थरातील प्रत्येक मंडळ मंचेरियालचे होते.

बदलानंतर उलट तपासणी करावी. जिल्हा_२०११ आदिलाबाद असून जिल्हा_२०१६ रिकामा आहे अशा ओळी मागवाव्यात. त्या ५२ वजा १४, म्हणजे ३८ यायला हव्यात. रिकामा रकाना शोधताना बरोबरीचे चिन्ह चालत नाही. 'इज नल' असे लिहावे लागते. उरलेल्या तीन जिल्ह्यांची नावे भरल्यावर ही संख्या शून्यावर येते.

सॉफ्टवेअरनुसार फरक

मॅपइन्फोमध्ये एसक्यूएल निवडीची स्वतंत्र खिडकी आहे. आर्कजीआयएसच्या गुणविशेषानुसार निवडीत केवळ 'व्हेअर' नंतरची अट लिहिली जाते. क्यूजीआयएस हे २००२ मध्ये सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर असल्याने महाविद्यालयांना ते विनाखर्च वापरता येते. त्यात फील्ड कॅल्क्युलेटरने केलेला बदल संपादन जतन करेपर्यंत मागे घेता येतो. डेटाबेसवर थेट चालविलेली 'अपडेट' आज्ञा मात्र लगेच लागू होऊ शकते. त्यासाठी आधी थराची प्रत काढून ठेवावी. शेपफाईलमध्ये रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे नागरी लिपीतील नावांसाठी जिओपॅकेज अधिक सोयीचे ठरते.

मर्यादा

एसक्यूएलने नाव बदलते, पण वरील आज्ञेने सीमारेषा बदलत नाही. नव्या मंचेरियाल जिल्ह्यात २०१६ मध्ये १८ मंडळे झाली. हाजीपूर, नस्पूर, भीमारम व कन्नेपल्ली ही चार नवी मंडळे जुन्या मंडळांतील गावे काढून केली गेली. मंडळांच्या थरात त्यांच्यासाठी ओळच नाही, त्यामुळे ती कोणत्याही अटीने सापडणार नाहीत. त्यांसाठी गावांचा थर घेऊन प्रत्येक गावाचे मंडळ नोंदवावे लागेल आणि त्यावरून नव्या आकृत्या जोडाव्या लागतील.

अध्यापनासाठी सूचना

वर्गात प्रथम अपेक्षित ओळींची संख्या फळ्यावर लिहून घ्यावी, मगच आज्ञा चालवावी. जिल्ह्याची अट मुद्दाम गाळून दुसरे तांदूर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. बदलाची दिनांकासह नोंद ठेवण्याची सवय लावावी, कारण बदल थांबत नाहीत : २०१९ मध्ये मुलुगू व नारायणपेट हे जिल्हे होऊन तेलंगणातील संख्या ३३ झाली.

समारोप

आज्ञा पाठ होणे हे या विषयाचे उद्दिष्ट नव्हे. आधी निवडावे, मोजावे, नकाशावर पाहावे आणि मगच बदलावे. जुनी नोंद पुसू नये. हा क्रम अंगी बाणला तर विद्यार्थ्याने केलेल्या नकाशावर, आणि त्या नकाशातून निघणाऱ्या शाळांच्या यादीवर, विसंबता येते.