विश्लेषण : लहान गेमिंग संगणकाला ‘ताप’ का येतो? तो कसा उतरवावा?

टेबलाखालची जागा अडवणाऱ्या मोठ्या कॅबिनेटऐवजी बॅगेत मावेल असा गेमिंग संगणक अनेकांना हवा असतो. पण खेळ सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे होताच पंख्यांचा घोंगाट वाढतो आणि पडद्यावरचे चित्र अडखळू लागते. मग नवा कूलर घ्यावा की नवे ग्राफिक्स कार्ड, असा प्रश्न पडतो. अनेकदा दोन्हींची गरज नसते. दोष सुट्या भागांचा नसून हवेच्या वाटेचा असतो.

लहान संगणक लवकर का तापतो?

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढीच अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ‘आरटीएक्स ४०७०’ या ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा २०० वॉट आहे. ‘रायझन ५ ७६००एक्स’ हा प्रोसेसर १०५ वॉट गटातला आहे. कॅबिनेट मोठे असो वा लहान, ही उष्णता तेवढीच असते. लहान संगणकात बहुधा १७ बाय १७ सेंटीमीटरचा ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड असतो आणि कॅबिनेटचे आकारमान साधारण २० लिटरच्या आत. त्यात मोठे पंखे आणि उंच कूलर मावत नाहीत. काही कूलर तर जेमतेम ३७ मिलिमीटर उंचीचे असतात. त्यात बहुतेक ग्राफिक्स कार्डे आपली गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात. ती लगेच बाहेर पडली नाही, तर प्रोसेसरचा पंखा तीच हवा पुन्हा ओढतो.

किती तापमान धोक्याचे?

आकडा मोठा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ७६००एक्स प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, तर ‘रायझन ७ ७८००एक्स३डी’ची ८९ अंश. इंटेलच्या अलीकडच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. आरटीएक्स ४०७० साठी ती ९० अंश आहे. ही मर्यादा गाठताच चिप स्वतःहून आपला वेग कमी करते. यालाच ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. चिप जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे. परंतु पैसे मोजून घेतलेला वेग तेवढ्या वेळापुरता हातचा जातो. म्हणून ‘तापमान किती’ यापेक्षा ‘वेग घटतो का’ हा प्रश्न महत्त्वाचा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत प्रणालीत तापमान, वेग आणि वीजवापर एकत्र पाहता येतो.

दोष नेमका कुठे, हे कसे ओळखावे?

एकच खेळ, एकाच ठिकाणी, २० मिनिटे चालवून तापमानाची नोंद करावी. मग संगणक बंद करून कॅबिनेटची बाजूची झडप काढावी आणि हीच चाचणी पुन्हा करावी. चाचणी सुरू असताना आत हात घालू नये. झडप काढल्यावर तापमान बरेच उतरले, तर आत हवा कोंडते आहे, असे समजावे. फारसा फरक पडला नाही, तर कूलर नीट बसलेला नाही, त्याच्या पात्यांत धूळ साचली आहे किंवा जुनी थर्मल पेस्ट कोरडी पडली आहे, अशी शक्यता असते.

हवेची वाट कशी मोकळी करावी?

संगणक भिंतीला चिकटवून, गालिच्यावर किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. जाळीच्या बाजूला किमान वीतभर जागा सोडावी. थंड हवा खालून वा बाजूने आत यावी आणि गरम हवा वरून बाहेर पडावी, अशी पंख्यांची दिशा असावी. समोरासमोरचे दोन पंखे एकमेकांविरुद्ध हवा फेकत असतील, तर त्यांचा उपयोग कमी आणि आवाजच जास्त. जादा वायर गुंडाळून कोपऱ्यात बांधाव्यात. जाळ्यांवरची धूळ नियमित काढावी. ब्लोअर वापरताना संगणक बंद असावा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

वीज कमी दिली, तर खेळ मंदावतो का?

मंदावतो, पण वाटतो तितका नाही. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी सर्वाधिक वीज खर्ची पडते. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’मध्ये आरटीएक्स ४०७० ची वीजमर्यादा ८० टक्के केली, तर २०० ऐवजी कमाल १६० वॉट वापरले जातात. म्हणजे ४० वॉट उष्णता निर्माणच होत नाही, आणि वेगातली घट सहसा त्या प्रमाणापेक्षा बरीच कमी असते. रायझन प्रोसेसरसाठी बायोसमध्ये ‘इको मोड’ असतो. तो सुरू केल्यास ७६००एक्स ६५ वॉट गटात चालतो. ‘अंडरव्होल्टिंग’ याहून बारीक काम आहे. ते थोडे-थोडे करत जावे आणि खेळ मध्येच बंद पडू लागला, तर एक पायरी मागे यावे.

आणखी एक सोपा उपाय फ्रेमच्या मर्यादेचा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर कार्डाने सेकंदाला १४० फ्रेम तयार करून दिसणाऱ्या चित्रात फारशी भर पडत नाही. मर्यादा घातली की कार्डाला उसंत मिळते.

उन्हाळ्यात काय करावे?

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली, की आतले तापमानही साधारण तेवढेच चढते. डिसेंबरमध्ये २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाऊ शकते. अकोला, चंद्रपूरसारख्या ठिकाणी बाहेरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे हिवाळ्यात ठरवलेली मांडणी उन्हाळ्यात पुरेलच असे नाही. त्या दोन-तीन महिन्यांसाठी वीजमर्यादा वेगळी ठेवणे शहाणपणाचे. आधी हवेची वाट, मग वीजमर्यादा, त्यानंतर स्वच्छता आणि नवी पेस्ट. एवढे करूनही वेग घटत असेल, तरच नव्या कूलरसाठी खिशात हात घालावा.