अंदमानातले शिंपल्यांचे ढीग म्हणजे नुसता कचरा आहे का?

अंदमान बेटांवर किनाऱ्याजवळ शिंपल्यांचे मोठमोठे ढीग आढळतात. ओहोटीला गोळा केलेले शिंपले खाऊन उरलेली टरफलं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी टाकली गेली, त्यातून हे ढीग तयार झाले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ झरीन कूपर यांनी १९८०च्या दशकात चौलदारी इथल्या ढिगाचं उत्खनन केलं. तो दोन हजार वर्षांहून जुना निघाला. अशा ढिगांत रानडुकरांची हाडं आणि मातीच्या भांड्यांचे तुकडेही मिळतात. त्यावरून लोक काय खायचे, कशात शिजवायचे हे कळतं. अंदमानी लोक धारदार शिंपला सुरीसारखाही वापरत.

या लोकांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे हे ढीगच त्यांच्या इतिहासाचा मुख्य पुरावा. जगभर असे कित्येक ढीग चुन्यासाठी, रस्त्याच्या भरावासाठी खणून नेले गेले. ढीग गेला की त्यातली माहिती पुन्हा मिळत नाही.