इंच वाढले, ओळ तेवढीच

रेडमी नोट ३, रेडमी नोट ५ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एम१२ हे तीन फोन शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांच्या पडद्यांवर आडवी फूटपट्टी धरावी. पहिला २०१६चा, ५.५ इंची. दुसरा २०१८चा, ५.९९ इंची. तिसरा २०२१चा, ६.५ इंची. खोक्यावरचा आकडा पाच वर्षांत एका इंचाने वाढला, पण पडद्याची रुंदी तिन्हींची साधारण ६.८ सेंटीमीटरच भरते. वाढली ती उंची. ती १२.२ सेंटीमीटरवरून १३.६ झाली आणि पुढे १५ झाली. पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. त्यामुळे पडदा उभा ताणला की रुंदीला हात न लावताही इंच वाढतात.

दहा-पंधरा हजारांच्या आतल्या फोनचा गेल्या दशकाचा मागोवा घेताना मला ही फूटपट्टी सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठी ओळ आडवी जाते. पडदा उंच झाला म्हणून अक्षर मोठं होत नाही की ओळीत चार शब्द जास्त मावत नाहीत. लाखो घरांमध्ये वर्तमानपत्र, शाळेचं पुस्तक, सातबारा आणि बँकेचा संदेश हे सगळं वाचण्याची जागा म्हणजे हा एकच पडदा आहे. त्याच्याकडे वाचणाऱ्याच्या नजरेने क्वचितच पाहिलं गेलं.

सुरुवात फार हलाखीची होती. २०११ साली सात-आठ हजारांत मिळणारा गॅलेक्सी वाय घराघरांत पोहोचला, तेव्हा त्याचा पडदा ३ इंची होता आणि त्यावर आडवे २४० नि उभे ३२० ठिपके होते. त्या काळच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मराठी संकेतस्थळ उघडलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. जाणकार मंडळी ऑपेरा मिनीमधली एक आडबाजूची सोय चालू करून मजकूर चित्राच्या रूपात मागवत आणि वाचत. पुढे अँड्रॉइड ४.०मध्ये देवनागरी नीट जुळवण्याची सोय आली. तरी ठिपक्यांचा प्रश्न उरलाच. रोमन अक्षर थोड्या ठिपक्यांत भागतं. देवनागरीला तीन मजले लागतात : शिरोरेखेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मधे अक्षराचं अंग, खाली उकार आणि ऋकार. 'दृष्टी' किंवा 'कर्तृत्व' हे शब्द विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक टंकात पाहिले, की ठिपके कमी पडले म्हणजे काय होतं ते लगेच कळतं.

मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास २ने २०१२च्या अखेरीस ९,९९९ रुपयांत ५ इंची पडदा दिला, तेव्हा एवढा मोठा फोन दहा हजारांच्या आत मिळणं हीच बातमी होती. पण त्यावर आडवे ठिपके होते ४८०. मोठ्या काचेवर ते विखुरले की अक्षरांच्या कडा दातेरी दिसत. 

म्हणूनच मोटोरोलाच्या पहिल्या मोटो जीला मी या काळातला खरा वळणबिंदू मानतो. फेब्रुवारी २०१४मध्ये तो भारतात आला. किंमत १२,४९९ रुपयांपासून, पडदा ४.५ इंची, ठिपके १२८० बाय ७२०, म्हणजे इंचाला सव्वातीनशेच्या घरात. पडदा आयपीएस जातीचा असल्यामुळे बाजूने पाहिलं तरी रंग उलटे होत नसत. वर गोरिला ग्लास ३ होती. मध्यभागी जाडी ११.६ मिलिमीटर असूनही पाठ गोलाकार आणि कडा बारीक, त्यामुळे तो तळहातात नीट बसे. वजन फक्त १४३ ग्रॅम. मागचं झाकण काढून दुसऱ्या रंगाचं लावता येई. बॅटरी मात्र बदलता येत नसे. त्यात दिखाऊपणा कुठेच नव्हता. स्वस्त वस्तू कमअस्सल असलीच पाहिजे, ही समजूत त्या फोनने मोडली. तीनच महिन्यांनी मोटो ई ६,९९९ला आला आणि त्यावरही तीच मजबूत काच होती.

त्या वर्षात बाकीचंही भराभर घडलं. सप्टेंबरमध्ये शाओमीचा रेडमी १एस ५,९९९ रुपयांत ४.७ इंची, ७२० ठिपक्यांचा पडदा घेऊन आला. त्याच महिन्यात गूगलचे अँड्रॉइड वन फोन ६,३९९ला आले, पण त्यांच्या पडद्यावर अजून ८५४ बाय ४८०च ठिपके होते. पडद्यापुरता निकाल तिथेच लागला.

आता एक गोष्ट जरा थांबून पाहायला हवी, कारण तिच्याकडे जाहिरातीत कुणी लक्ष वेधत नाही. जुन्या स्वस्त फोनमध्ये वरची टचची काच वेगळी आणि खालचा पडदा वेगळा असे. दोन्हींच्या मधे हवेची फट राही. प्रत्येक काच-हवा सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. फट म्हणजे अशा आणखी दोन सीमा, म्हणजे उन्हात पडद्यावर आणखी चमक आणि आत खोलवर बुडालेली अक्षरं. काच पडद्याला थेट चिकटवायला सुरुवात झाली आणि हा दोष गेला. काळा रंग काळा दिसू लागला, अक्षरं पृष्ठभागावर आली. या दशकातली ही मोठी सुधारणा आहे असं मी ठामपणे म्हणेन. तिची किंमत मात्र दुरुस्तीच्या दुकानात मोजावी लागली. पूर्वी फोन पडून वरची काच फुटली, तर काही शेकड्यांत फक्त टच बदलून मिळे. आता काच, टच आणि पडदा मिळून एकच 'फोल्डर' येतो आणि तो अख्खा बदलावा लागतो. पडदा अ‍ॅमोलेड असला तर फोल्डरचा खर्च फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. हप्त्यावर फोन घेणाऱ्या घरात हा फरक फार जाणवतो.

उन्हाचा विषय आपल्याकडे खरं तर पहिला हवा. फोनचं परीक्षण बहुधा वातानुकूलित खोलीत होतं आणि फोन वापरला जातो बांधावर, एसटी स्टँडवर, भाजीच्या गाडीवर. सॅमसंगच्या २०१५च्या गॅलेक्सी जे२मध्ये ८,४९० रुपयांत सुपर अ‍ॅमोलेड पडदा मिळाला. त्या किमतीला हे अपूर्व होतं. पण सभोवतालचा उजेड ओळखून पडदा आपोआप उजळ करणारा सेन्सरच त्यात नव्हता. त्याऐवजी 'आउटडोअर' नावाची एक खूण होती. ती स्वतः चालू करायची, पंधरा मिनिटं पडदा उजळ राही आणि मग पुन्हा मंद होई. अंधुक पडद्यावर, डोळ्यांवर ऊन घेऊन ती खूण शोधायची कशी, हा प्रश्न ज्याने तो फोन भर दुपारी वापरला त्यालाच विचारावा. एक छोटा सेन्सर वाचवण्यापायी उत्तम पडद्याचा निम्मा उपयोग गेला.

मार्च २०१६मध्ये रेडमी नोट ३ आला. ९,९९९ रुपये, धातूची पाठ, बोटाचा ठसा, ४,०५० एमएएच बॅटरी आणि फुल एचडी पडदा, म्हणजे आडवे १,०८० ठिपके. वाचणाऱ्यासाठी हा फोन मला अजूनही मापदंड वाटतो. ६.८५ सेंटीमीटरच्या ओळीत १,०८० ठिपके म्हणजे सेंटीमीटरला सुमारे १५८. त्यावर बारीक टंकातली जोडाक्षरंही स्वच्छ दिसत. धातू रेडिओ लहरी अडवतो, म्हणून पाठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी होती आणि ती लपवलेलीही नव्हती. घर, मागे वगैरे बटणं पडद्याखाली वेगळी होती, त्यामुळे पडदा संपूर्ण मजकुराचा.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं. डेटा स्वस्त झाला आणि फोन प्रामुख्याने पाहण्याची वस्तू झाली. फोनची घडण त्यापुढे या पाहण्याच्या अंगानेच बदलत गेली. २०१८च्या फेब्रुवारीत रेडमी नोट ५ने १८:९ आकाराचा उंच पडदा दहा हजारांत आणला. रुंदी तीच होती, हे वर आलंच आहे. शिवाय आधी पडद्याबाहेर असलेली बटणं आता पडद्याच्या आत आली, म्हणजे वाढलेल्या उंचीतला एक पट्टा त्यांनीच घेतला. मग खाच आली, तिचा थेंब झाला, थेंबाचं भोक झालं. सेल्फी कॅमेरा कुठे ठेवायचा, एवढाच तो प्रश्न होता आणि त्यावर दोन वर्षं गरजेपेक्षा फार जास्त बोललं गेलं.

पाठीचंही तेच. २०१८-१९मध्ये रंग बदलत जाणारी, हिऱ्यासारखी पैलू पाडलेली, आरशासारखी चमकणारी पाठ आली. रेडमी नोट ७ने तर ९,९९९ला दोन्ही बाजूंना गोरिला ग्लास ५ दिली. काउंटरवर ते फोन सुरेख दिसत. घरी आल्यावर खोक्यातलंच पारदर्शक सिलिकॉन कव्हर चढे आणि सहा महिन्यांत पिवळं पडे. निसटणाऱ्या पाठीला ग्राहकाने दिलेलं ते उत्तर होतं. वजनही वाढत गेलं. मार्च २०२०चा रेडमी नोट ९ प्रो २०९ ग्रॅमचा होता. बॅटरी मोठी हवी ही गरज खरीच, पण झोपून वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनगटाला मोटो जीपेक्षा ६६ जादा ग्रॅम जाणवतात.

२०२०च्या मार्चमध्येच रिअलमी ६ने १२,९९९ला ९० हर्ट्झचा पडदा दिला. मजकूर सरकवताना तो अडखळत नाही, फिसकटत नाही, आणि ही सुधारणा वाचणाऱ्यालाही उपयोगी आहे. पुढच्याच महिन्यात मोबाइलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८वर गेला आणि तोच फोन हजार रुपयांनी महागला. तेव्हाच करोनाच्या टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या. जूनपासून मुलांचा वर्ग त्याच पडद्यावर भरू लागला. बालभारतीच्या पुस्तकाचं पान रुंदीला या पडद्याच्या जवळजवळ तिप्पट. ते उभ्या पडद्यात बसवलं की अक्षर एक तृतीयांश होतं. फोन आडवा केला तर पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो आणि आकृती एकीकडे, तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे राहतं. ताणून वाढवलेले इंच चित्रपट पाहताना उपयोगी पडले, धडा वाचताना नाही. एकाच फोनवर दोन भावंडं शिकत होती, हे लक्षात घेतलं तर हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

मार्च २०२१मध्ये दोन फोन जवळजवळ एकाच वेळी आले आणि दोन दिशा दाखवून गेले. गॅलेक्सी एम१२, १०,९९९ रुपये : ६.५ इंच, ९० हर्ट्झ, मागे चार कॅमेरे, ६,००० एमएएच बॅटरी, पण आडवे ठिपके ७२०. म्हणजे सेंटीमीटरला १०६. सात वर्षांपूर्वीच्या मोटो जीमध्ये ते १२८ होते. ठिपके कमी असले की चिपवरचा भार हलका होतो, बॅटरी टिकते आणि खर्च वाचतो, हे मान्य. पण वाचलेला पैसा २ मेगापिक्सेलच्या दोन कॅमेऱ्यांत घालणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पुढे ५जी आलं, त्या चिपचा खर्च वाढला आणि दहा-बारा हजारांच्या कितीतरी फोनवर ७२०चाच पडदा मुक्कामाला राहिला.

दुसरा फोन रेडमी नोट १०. ११,९९९ रुपयांत अ‍ॅमोलेड, १,०८० ठिपके, ६.४३ इंच आणि वजन १७९ ग्रॅमच्या आत. उन्हात पडदा ७०० निट्सपर्यंत उजळे. ११०० हा जाहिरातीतला आकडा पडद्याच्या लहानशा भागावर क्षणभर मिळणारा, तो सोडून देऊ. ७०० सुद्धा आधीच्या पडद्यांच्या तुलनेत पुष्कळ होते. अ‍ॅमोलेडची एक अडचण सांगायला हवी. अंधारात हे पडदे मंद होतात ते बहुधा वेगाने उघडझाप करून, आणि काहींचे डोळे किंवा डोकं त्याने दुखतं. तरीही या दशकातला त्या किमतीचा सर्वांत समतोल पडदा कोणता असं विचारलं, तर मी याच फोनचं नाव घेईन.

२०२४च्या जुलैत आलेल्या सीएमएफ फोन १मध्ये १५,९९९ला १२० हर्ट्झचा, ६.६७ इंची अ‍ॅमोलेड पडदा आहे आणि मागचं झाकण स्क्रू काढून बदलता येतं. पडद्याची रुंदी जवळजवळ ७ सेंटीमीटर. आठ वर्षांत ओळ मिलिमीटरभर वाढली आहे. यापुढे रुंदी वाढवायला हाताचीच मर्यादा आड येते. अंगठा आताच पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती उरतात ते ठिपके, उजेड आणि काचेची चमक, आणि हे तिन्ही दुकानातच तपासता येतात.

दुकानातल्या फोनवर एक रंगीत चित्रफीत सतत फिरत असते. ती बंद करावी. फोन दाराबाहेर, उन्हात न्यावा आणि उजेड आपोआप वाढतो का, किती वेळात वाढतो ते पाहावं. ई-बालभारतीवरचं पाचवीचं पुस्तक किंवा एखाद्या दैनिकाची ई-आवृत्ती उघडावी आणि पान न वाढवता रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखू येतात का ते बघावं. आडवे ठिपके ७२० की १,०८०, हे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचावं. पैसे देण्याआधी शेजारच्या दुरुस्तीवाल्याला त्या फोनचा ओरिजिनल फोल्डर केवढ्याला पडतो, हेही विचारून घ्यावं.